एकशे सहावरचा मुक्काम

पुंजाजी, परवा तुझ्या तेरवीचं वरण खारट झालं होतं. पंगतीला दीडशे माणूस होतं, सगळ्यांना कळलं, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. तू असतास तर पहिल्या घासाला पाटावरून उठून थेट चुलीपाशी गेला असतास. म्हणाला असतास, "काऊन बे, मीठ का लोणारच्या तयातून उपसून आणलं?" आचारी खरोखरच लोणारचा होता. हात वाईट नव्हता त्याचा, पण चाखत नव्हता. मी बराच वेळ पाहत होतो. गंजात पळी घालायचा, ढवळायचा आणि पुढच्या चुलीकडं जायचा. आयुष्यभर चाखून चाखून तू साडेतीन मणाचा झालास, आणि तुझ्याच तेरवीला न चाखणारा आचारी मिळाला. मी दोनदा वरण मागून घेतलं. तुझ्या घरचं शेवटचं जेवण ताटात टाकून उठवेना.

लिहिणं हे काही माझं काम नाही. मेहकरच्या बाजारात तीस वर्षं मापारी म्हणून काढली. मापाऱ्यानं आकडा बोलायचा, लिहून घेणारा दुसरा असतो. तू आचारी, मी मापारी, दोघांची कामं अशी की लोक आपल्या शब्दावर चालायचे. तू "झालं" म्हटलं की पंगत बसायची आणि मी "झालं" म्हटलं की पोतं पारड्यातून खाली उतरायचं. तू मला दगडू न म्हणता दगड्या म्हणायचास. बापानं नाव दगडू ठेवलं आणि पोराला वजनाचंच काम लागलं, यावर तू दर लग्नात चार माणसं हसवलीस.

ती गाठ तुझ्या बेंबीपाशी आली, तेव्हा मण-शेर जाऊन किलो येऊन फार दिवस झाले नव्हते. लिंबाएवढी गाठ, उभं राहिलं की बाहेर आणि आडवं पडलं की आत. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "शिवायला काही अवघड नाही, पण एवढ्या चरबीवर टाके धरणार नाहीत. शंभर किलोच्या खाली या, मग पाहू. आणि मधेच कधी गाठ आत जाईनाशी झाली, तर घरी बसू नका, धावत या. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल." परतीच्या गाडीत चिखली येईपर्यंत तू बोटांवर हिशोब करत होतास. मग म्हणालास, "दगड्या, शंभर किलो म्हंजे किती मण?"

"पावणेतीनाले थोडं कमी."

"मंग काय, पाऊण मण त उतरवाचं हाय. मले मणातच सांगत जाय, आकडा लहान वाटते."

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, धान्याच्या हर्रासाची बोली सुरू व्हायच्या आधी, तू माझ्याकडं येऊ लागलास. तीन बल्ल्यांची तिकाटी उभी करून टांगलेला तो मोठा तराजू. एका पारड्यात तू मांडी घालून बसायचास, दुसऱ्यात मी वीस-वीस किलोची आणि शेवटी सुटी वजनं टाकायचो. आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. शेजारच्या काट्यावरचा करीमभाई बरकत म्हणायचा. पहिलं वजन ठेवून मी सवयीनं "लाभ" म्हणालो, तर तू पारड्यात बसल्या बसल्या चिडलास. "लाभ नको म्हणू बे. मी अठी लाभ करून घ्याले नाई आलो." पण तोटा म्हणून मोजणी सुरू करायला माझी जीभ वळली नाही. करीमभाई पोट धरून हसला. आकडा आला एकशे अठ्ठावीस.

आणखी एक गोष्ट होती. पारडं जमिनीवरून सुटलं की तुला गरगरायचं, म्हणून तू डोळे मिटून घ्यायचास. मी वजनं टाकायचो, काटा ठरला की आकडा बोलायचो, वजनं उतरवायचो, पारडं खाली टेकवायचो. मग तू डोळे उघडायचास. इतक्या वर्षांत एकदाही तू स्वतः वजनं मोजून पाहिली नाहीस. मी बोलेन ते तुझं वजन.

पहिल्या वर्षी तू हट्टाला पेटलास. सकाळी ताक, संध्याकाळी ताक, मधे कधी अर्धी भाकर. चार महिन्यांत तू एकशे अकरावर आलास आणि मी बाजारभर तुझी टिमकी वाजवली. मग लग्नसराई लागली. उपाशी माणसाला बुंदीच्या कढईपुढं उभं केल्यावर काय व्हायचं ते झालं. जेठ सरताना काट्यानं एकशे एकतीस दाखवलं. तू तिथं हसलास आणि घरी जाऊन आठ दिवस दाराबाहेर आला नाहीस. वहिनी सांगत होत्या, भिंतीकडं तोंड करून पडून असायचास.

नवव्या दिवशी आलास तो मुक्काम हा शब्द घेऊनच आलास. "आता घाई नाई करत. दहाक किलो उतरवाचं अन् मुक्काम कराचा. दोन महिने तठीच. चढाचं नाई, उतराचंबी नाई. आंगाले सवय झाली की मंग पुढं. आपली लोणारची गाडी रात्री मुक्कामी राह्यते ना, तसं."

मी म्हणालो, "मुक्कामी गाडी सकाळी वापसच येते, गड्या."

तू हसलास, पण शब्द काही सोडला नाहीस. त्या दिवशी जो वाद सुरू झाला तो तू जाईपर्यंत संपला नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की गाठ तुझ्यासाठी मुक्काम करणार नाही. आज आहे, उद्या अडकेल, तेव्हा काय त्या डॉक्टरांना सांगशील, जरा थांबा, मी मुक्कामी आहे? आणि तू माझाच धंदा माझ्या तोंडावर मारायचास. "तूच त सगळ्यायले सांगतो, काटा हालून राह्यला त माप बोलू नये. माह्यं आंग हालून राह्यलं. ठरू दे ना त्याले."

"पोत्याले बेंबीत गाठ नसते बे," मी म्हणायचो.

एकशे अठराला तू पहिला मुक्काम केलास. उतरायच्या दिवसांत वेळेला दीड भाकर आणि बिनसाखरेचा चहा, मुक्कामात अडीच भाकरी आणि रविवारी वांग्याची भाजी तेल सोडून. सकाळचं बालाजीच्या देवळापर्यंतचं चालणं मात्र दोन्हींत सारखं. मी दर सोमवारी तुला तोलायचो आणि मनातल्या मनात शिव्या घालायचो. अठरा, एकदा एकोणीस, पुन्हा अठरा. तू मात्र खुशीत. "उतरणं सोपं हाय बे. उपाशी राह्यलं की झालं. जेवून तेवढंच राह्यणं, तठीच खरी मेहनत हाय." दोन महिन्यांनी तू पुन्हा उतरायला लागलास आणि पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर एकशे सहावर आलास. तिथं तू दुसरा मुक्काम टाकलास. लग्नाच्या दिवसांत आचाऱ्याला चाखावंच लागतं, म्हणून या दिवसांत उतरायचं नाही, फक्त जागा सोडायची नाही, असा तुझा हिशोब. पाच सोमवार झाले. एकशे सहा म्हणजे एकशे सहा, काटा ढिम्म. आज कबूल करतो, मी थक्क झालो होतो. तेव्हा तुला तसं म्हणालो नाही.

आता जे सांगायचं आहे त्याच्यापाशी आलो.

पाचव्या सोमवारनंतर तू लोणारकडं एका लग्नाला गेलास आणि तिथं तुझी गाठ बाहेरच राहिली. दोन तास तू मांडवामागं ओल्या फडक्यानं पोट दाबून पडून होतास. शेवटी गेली आत. तू कोणाला सांगितलं नाहीस, पण सोबतच्या बायांनी वहिनींना सांगितलं. त्या भरदुपारी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी. "भाऊजी, तुमचं आयकतात ते. तेवढा मुक्काम मोडाले लावा. सहाच किलो त राह्यले. माह्या मनाले कसंतरीच होऊन राह्यलं."

तू माझं कुठं ऐकत होतास. बोलून वर्ष गेलं होतं. पण एक गोष्ट तू डोळे मिटून ऐकायचास.

त्या सोमवारी तू पारड्यात बसलास, डोळे मिटलेस, मी वजनं टाकली, काटा ठरला, आणि मी म्हणालो, "एकशे दहा."

तीस वर्षांत मी खोटं माप बोललो ते त्या एकाच माणसाचं. शेतकऱ्याचं नाही, व्यापाऱ्याचं नाही. तुझं.

तू डोळे उघडलेस. वजनं तोवर मी उतरवली होती. "मुक्कामात चार किलो?" तू विचारलंस. "काटा ठरला होता?"

"ठरला होता."

मला वाटलं, तू भांडशील, पुन्हा तोल म्हणशील. तसं म्हणाला असतास तर मी तिथंच कोसळलो असतो आणि बरं झालं असतं. तू उठलास, धोतर झटकलंस आणि हळूच म्हणालास, "तू काई खोटं माप बोलणार नाई. म्हंजे माह्यं आंगच बेईमान झालं." आणि चालायला लागलास.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या बाजूनं सांगू दे. तू मुक्काम मोडलास. भाकर एकावर आणलीस, मग अर्धीवर. वैशाखाच्या उन्हात दोन वेळा देवळापर्यंत जाऊ लागलास. दर सोमवारी मला माझं खोटं पुढं ओढावं लागलं. काटा एकशे तीन दाखवायचा, मी एकशे सात म्हणायचो, एकशे एक दाखवायचा, मी एकशे पाच म्हणायचो. माझे चार किलो मी तुझ्या अंगावर लादून ठेवले होते आणि ते उतरवायला तू जिवाचं रान करत होतास. आणि तू चाखणं सोडलंस. हे मला नंतर कळलं. लोणारकडच्याच आणखी एका लग्नात तुझं वरण अळणी झालं. पुंजाजीचं वरण अळणी, असं लोक एकमेकांना म्हणाले. तू ते ऐकलंस, मीठ घेऊन गंजावर वाकलास, आणि तुला भोवळ आली. डावा हात कोपरापर्यंत उकळत्या वरणात गेला.

मी आलो तेव्हा तू खाटेवर होतास, हाताला केळीचं पान बांधलेलं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि तू म्हणालास, "काई नाई बे, हात हाय, भरून येईन. पण अळणी वरण झालं ना, ते लोकं इसरणार नाई." मग माझ्याच्यानं बोलवेना. भेकड होतो मी. एवढंच कारण, दुसरं काही शोधू नकोस.

महिनाभर वहिनींनी तुला खाटेवरून उठू दिलं नाही आणि पोटभर खाऊ घातलं. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी काट्यानं एकशे सात दाखवलं. मी एकशे सात म्हणालो. खरं. तुला वाटलं थोडंसंच चढलं. माझे चार किलो त्या महिन्याच्या खाटेत जिरून गेले, कोणाला पत्ता लागला नाही. खोट्यातून सुटायला एवढी सोपी वाट मिळाली याची मला अजून लाज वाटते.

तुझी वाट मात्र सोपी राहिली नाही. एकशे तीनला तू पुन्हा थांबलास, पण तो मुक्काम तसा नव्हता. आधी तू मुक्कामात मजेत असायचास, पाट मांडून भाकरी मोडायचास, वहिनींना चिडवायचास. आता दर दोन दिवसांनी बाजारात येऊन उभा राहायचास. "तोल बे एकदा. या आंगाचा भरवसा नाई." मी तोलायचो, एकशे तीनच असायचं. "पक्कं?" म्हणायचास. "पक्कं," मी म्हणायचो. तुला विसावा म्हणून जी जागा होती ती मी तुझ्याकडून काढून घेतली होती. तू पुढं अठ्ठ्याण्णवपर्यंत गेलास, बुलढाण्याला पोट शिवून आलास, टाके धरले. डॉक्टरांनी विचारलं, कसं उतरवलंत एवढं? तू म्हणालास, "थांबत थांबत, साहेब." मी बाजूला उभा होतो. डॉक्टर माझ्याकडं पाहून हसले, मीही हसलो.

त्यानंतरची नऊ वर्षं तू अठ्ठ्याण्णवच्या आसपास राहिलास. तुला तोलायची काही गरज उरली नव्हती, तरी सोमवार चुकवला नाहीस. तोलून झालं की आपण पोत्यांवर बसून चहा प्यायचो आणि तोच वाद पुन्हा उकरायचो. मुक्काम नसता तर तीन महिने आधी पोट शिवलं गेलं असतं, असं मी. मुक्काम नसता तर पुन्हा एकशे एकतीसवर गेलो असतो, असं तू. आणि मग कोणी नवीन माणूस जवळ असला की तू त्याला तो किस्सा सांगायचास. "माह्यं आंग लय बेईमान. मुक्कामात अर्धी भाकर जास्ती नाई खाल्ली, तरी चार किलो चढून बसलं." लोक हसायचे. मी कप खाली ठेवून वजनं पुसायला लागायचो. सांगून टाकावं असं दर वेळी वाटायचं. सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? दोन शिव्या दिल्या असत्यास, आठ दिवस आला नसतास. मला त्या आठ दिवसांची भीती वाटत होती. आता दोन सोमवार तू आला नाहीस, आणि पुढचे मोजायची माझ्यात ताकद नाही.

माझी बायको गेली तेव्हा तू रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचास. एकदा मी जेवता जेवता रडायला लागलो, तर डबा पुढं सरकवून म्हणालास, "रोज रडून राह्यला त डोये जातीन. थोडे दिवस मुक्काम कर. इसरू नको म्हणत नाई, पण मुक्काम कर." रडण्यालाही मुक्काम असतो हे तुझ्याशिवाय कोणाला सुचलं असतं? त्या दिवशी मी खूप दिवसांनी पोटभर जेवलो. पुंजाजी, तुझ्यासाठी मला तसा मुक्काम करता येत नाही. सकाळी तिकाटी उभी करतो आणि मोकळ्या पारड्याकडं पाहत बसतो. करीमभाई म्हणतो, "क्या देख रहे हो दगडूभाऊ, कोई नहीं बैठा." त्याला काय सांगू?

तेरवीची पंगत उठल्यावर वहिनी ओसरीत एकट्याच बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं बसलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या दुपारी त्या माझ्या दारात आल्या होत्या तिथपासून तुझ्या हातापर्यंत. मी म्हणालो, "वहिनी, मले माफ करा."

त्यांनी समोरची एक खरकटी पत्रावळ दुमडून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मी काय माफ करू, भाऊजी? मीच त तुमच्या दारात आली होती. अन् वजन का माह्यं होतं? ज्याचं होतं त्यायले सांगा."

"ते आता कुठं..."

"कुठं ते मले नाई माहीत. पण ते जाताना आपल्या आंगाले बेईमान समजून गेले. तेवढं त्यायले सांगा."

एवढ्यासाठी हे लिहिलं. तुला ते कळलं होतं का, माझ्या तोंडावरून ओळखलं होतंस का, माहीत नाही. ओळखलं असशील तरी माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं आहेच. वाद तुझा तू ठेव, माझा मी ठेवतो. गाठीबद्दल मला भीती होती ती खोटी नव्हती, आणि त्या भीतीनं तुझा हात पोळला हेही खोटं नाही. पण माप हे माप असतं. त्या सोमवारी मी काटा पूर्ण ठरू दिला होता, नीट वाकून पाहिलं होतं. पुंजाजी, एकशे सहा. त्याआधीच्या सोमवारी होतं तेवढंच, गुंजभरही जास्त नाही. तुझ्या अंगानं तुला दगा दिला नव्हता.